भयाचा सूत्रधार

मनुष्य संकटाला भितो, आणि तरीहि सुरक्षित जागीं बसून संकटाची गोष्ट ऐकावयास मिळत असेल तर ती आवडीनें ऐकतो, ही मनुष्यस्वभावांतील फार जुनी विसंगति आहे. लहानपणीं दिवेलागणीनंतर आजीच्या मांडीजवळ सरकून भुताची गोष्ट ऐकतांना आपण कानांवर हात ठेवीत असूं. पण गोष्ट थांबली कीं ‘मग काय झालें?’ असें विचारणारेहि आपणच असूं. ऐकणाऱ्याला भय कां आवडतें, या प्रश्नाचा ऊहापोह पुष्कळांनीं केला आहे. आमच्यापुढील प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. जो भय घालतो, त्याला तें घालण्याचा अधिकार कोठून येतो, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोणती? हा प्रश्न आम्हांस ग्रंथ वाचतांना सुचला नाहीं. तो गेल्या पावसाळ्यांत आमच्या अंगावर येऊन पडला.

आमची भाची व तिची चार मित्रमंडळी दर शनिवारीं रात्रीं एकत्र जमून एक खेळ खेळतात. त्यांचा नेहमींचा सूत्रधार परगांवीं नोकरीला गेला, तेव्हां भाची म्हणाली, “मामा, या खेपेस सूत्रधार तुम्ही व्हा. गोष्टी तर तुम्ही सांगतांच!” आम्ही हो म्हटलें. आपण काय कबूल करीत आहों याची त्या वेळीं आम्हांस कल्पना नव्हती.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत बुद्धिबळासारखा समोर प्रतिपक्ष नसतो आणि शेवटीं कोणी एक जण जिंकतो असेंहि नाहीं. प्रत्येक गडी एकेका पात्राची भूमिका घेतो आणि तें पात्र काय बोलतें, काय करतें, तें सांगतो. एक जण सूत्रधार असतो. तो तें जग वर्णितो, बाकीच्या सर्व पात्रांच्या मुखानें बोलतो, आणि कृतीचें यश अनिश्चित असेल तेथें वीस बाजूंचा फांसा टाकावयास लावतो. एकच कथानक अनेक बैठकींतून चाललें म्हणजे त्यास मोहीम म्हणतात. आमच्या मंडळींना हवी होती ती भयकथेची मोहीम, आणि त्यासाठीं त्यांनीं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ नांवाचा अडीचशेंहून अधिक पानांचा ग्रंथ आमच्या हातीं दिला.

हा ग्रंथ 2016 चा आहे, पण त्याचें मूळ ‘रेव्हनलॉफ्ट’ या 1983 सालच्या बत्तीस पानांच्या पुस्तिकेंत आहे. ती ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्यानें लिहिली. ट्रेसी हिकमन एका खेळांत भुयारांतून जात असतां त्यांच्या पात्रासमोर एकाएकीं रक्तपिपासु पिशाच उभें राहिलें. तेव्हां ‘हा येथें कशाला?’ असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्या प्रश्नांतून ही कथा निघाली. ज्याला इतिहास नाहीं, वासना नाहीं, तें भूत म्हणजे केवळ बाहुलें होय, हें त्यांनीं ओळखलें. या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे हॉरेस वॉलपोल याची 1764 ची ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी. पुढें 1897 च्या ‘ड्रॅक्युला’पर्यंत त्याचा विस्तार झाला. मध्यंतरीं 1816 च्या पावसाळी उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकांठीं बायरन, शेली, मेरी व डॉक्टर पोलिडोरी यांनीं एकेक भुताची गोष्ट लिहावी असें ठरलें, आणि त्यांतून मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मास आली. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ ज्या गांवांतून प्रथम प्रसिद्ध झाला त्या विस्कॉन्सिनमधील गांवाचें नांवहि लेक जिनीव्हाच आहे. हा केवळ योगायोग, पण मौजेचा आहे.

कथा थोडक्यांत अशी. बारोव्हिया नांवाचा एक डोंगराळ मुलूख आहे. त्यास धुक्यानें वेढलें आहे आणि त्या धुक्यांतून कोणालाहि बाहेर जातां येत नाहीं. तेथील अधिपति काउंट स्ट्राड यास आपल्या धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूचा, तत्याना हिचा, मोह पडला. त्यानें लग्नाच्या दिवशींच भावाचा खून केला. तिनें गडावरून उडी टाकली. तेव्हांपासून तो मरत नाहीं, आणि ती पुनःपुन्हां निराळ्या नांवानें जन्मास येते. आतां तिचें नांव इरीना आहे.

आम्ही नवखे असल्यामुळें नवख्यांची पहिली चूक आम्हीं केली. राजवंशाचा इतिहास, गडाचे नकाशे, प्रत्येक बैठकीचा शेवट कसा व्हावा याचें टिपण, असें एक वहीभर लिहून काढलें. सहाव्या कीं सातव्या दिवशीं आम्ही तळ्याच्या प्रसंगापाशीं आलों. त्या मुलखांत एक सरोवर आहे. एक कोळी, ज्याला बरेच दिवस मासळी मिळालेली नाहीं, तो एका लहान मुलीला पोत्यांत घालून होडींतून नेतो आणि सरोवर प्रसन्न व्हावें म्हणून तिला पाण्यांत टाकतो. हें वाचतांना आम्हांस आठवलें कीं, आपल्या खेळगड्यांपैकीं एका तरुणाचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वीं धरणाच्या पाण्यांत बुडून वारला आहे.

त्या क्षणीं आमच्या मनांत जो पहिला विचार आला तो लिहितांना लाज वाटते. पण तो लपविला तर या लेखास अर्थच उरणार नाहीं. तो विचार असा होता: ‘हा प्रवेश त्याच्यावर फारच चांगला लागू पडेल.’ दुसऱ्या क्षणीं वही मिटून आम्ही उठलों. ज्या मुलाला आम्हीं आमच्या घरीं जेवूं घातलें, त्याच्या जखमेकडे आम्ही कारागिराच्या डोळ्यानें पाहिलें होतें. एखाद्या सुताराला लांकडांतली भेग दिसावी आणि पाचर कोठें ठोकावी तें कळावें, तसें.

येथें आमचा एक स्नेही म्हणाला, “एवढें काय? नाटकांत मृत्यु दाखवितातच. प्रेक्षकांत शोकग्रस्त मनुष्य नसतो काय?” या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. भरतमुनींनीं भय हा स्थायी भाव आणि भयानक हा रस, अशी दोन नांवें दिलीं आहेत, तीं व्यर्थ नव्हेत. लौकिक भय पळावयास लावतें. रसरूप झालेलें भय आस्वादाला येतें, कारण तें कोणा एकाचें उरत नाहीं. इंग्लंडांत एडमंड बर्क यानेंहि 1757 सालीं असेंच कांहींसें म्हटलें, कीं संकट फार जवळ आलें तर तें केवळ दुःख देतें. कांहीं अंतरावरून मात्र तेंच आनंद देऊं शकतें. नाटकांत हें अंतर रंगभूमीच राखते. नाटककाराला तिसऱ्या रांगेंतला प्रेक्षक ठाऊक नसतो, आणि तो प्रेक्षक ‘मी’ म्हणून बोलत नसतो. आमच्या खेळांत प्रेक्षक तोच नट असतो. तो ‘मी दार उघडतो’ असें म्हणतो. शिवाय सूत्रधार त्याला नांवानें, घरानें, दुःखानें ओळखतो. म्हणजे जें अंतर राखण्याचें काम नाटकांत रंगभूमि करते, तें येथें सूत्रधाराच्या सदसद्विवेकावर येऊन पडतें.

मग असले प्रवेश गाळून टाकावे काय? तसें केल्यास भयकथाच उरणार नाहीं, कारण ज्या गोष्टींना आपण खरोखर भितों त्यांच्याच सावल्या तींत वावरतात. या बाबतींत अ‍ॅन रॅडक्लिफ या कादंबरीकर्त्रीनें केलेला भेद आम्हांस मोलाचा वाटतो. तिच्या निधनानंतर 1826 सालीं छापलेल्या एका निबंधांत तिनें भयाच्या दोन जाती सांगितल्या आहेत. एकीनें आत्मा विस्तारतो व सर्व शक्ति जाग्या होतात. दुसरीनें तो आक्रसतो, थिजतो. पहिलींत कांहीं तरी अंधुक, अनिश्चित असतें. दुसरींत तें नसतें. आम्ही यांत आमच्या खेळापुरती एक भर घालूं. ज्या भयांत मनुष्याला कांहीं करतां येतें तें पहिल्या जातीचें, आणि ज्यांत हात बांधून नुसतें पाहावें लागतें तें दुसऱ्या जातीचें होय. आपल्या सूत्रधारानें पोतें पाण्यांत टाकलें आणि ‘तुम्हांस उशीर झाला’ एवढेंच सांगितलें, तर त्या तरुणाला तीन वर्षांपूर्वींचा दिवस पुन्हां भोगावयास लावल्यासारखें होईल, आणि तो खेळ राहणार नाहीं.

म्हणून आम्हीं त्याला एकांतीं विचारलें. कथा सांगितली नाहीं. ‘पाण्याचा प्रसंग यावा कीं न यावा’ एवढेंच विचारलें. हें विचारणें आमची युक्ति नव्हे. ज्या विषयांना मुळींच शिवावयाचें नाहीं ते, आणि जे पडद्याआड उरकावयाचे ते, अशा दोन याद्या आधीं कराव्या, ही रीत रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्यानें मांडली. तर जॉन स्टॅव्हरोपोलस यानें मेजावर एक फुलीचें पान ठेवण्याची चाल सुचविली. त्या पानाला कोणीहि बोट लावलें कीं तो प्रसंग कारण न विचारतां सोडून द्यावयाचा. असें आधीं विचारल्यानें भयाची गोडी जाते असें कोणी म्हणतात. आमचा अनुभव तसा नाहीं. दाराला आंतून कडी आहे हें ठाऊक असलेला मनुष्य अंधाऱ्या खोलींत अधिक पुढें जातो.

तो तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, पाणी काढूं नका. पण कोणी बुडत असेल तर वांचवितां येण्यासारखें असूं द्या. आणि आधीं मला विचारूं नका. जमलें तर मी आपण होऊन उठेन.”

त्या रात्रीं आम्हीं वहीभर टिपणें फाडून टाकलीं, आणि तेव्हां त्या कथेंतील खलपुरुषाचें खरें स्वरूप आमच्या ध्यानांत आलें. स्ट्राडचें पाप केवळ रक्तपिपासेचें नाहीं. तत्यानाच्या कथेचा शेवट आपणच ठरवावयाचा, तिला विचारावयाचें नाहीं, आणि तिनें निराळें कांहीं इच्छिलें तर सर्व मुलखाला धुक्यानें कोंडावयाचें, हें त्याचें पाप. हिकमन यांनीं स्वतः पिशाचाच्या प्रणयी चित्रणाविरुद्ध लिहिलें आहे; त्यांच्या मतें हें पिशाच म्हणजे स्त्रीला छळणारा, तिच्यावर सत्ता गाजविणारा पुरुष होय. आतां जो सूत्रधार प्रत्येक बैठकीचा शेवट आधींच लिहून ठेवतो, खेळगड्यांनीं वाट सोडली कीं दरी खचवितो, पूल पाडतो, त्याच्यांत व स्ट्राडमध्यें अंतर किती? मूळ ग्रंथकर्त्यांनीं यावर एक सुंदर तोड काढली आहे. प्रारंभींच एक वृद्धा पत्ते मांडून भविष्य सांगते, आणि तीं दैवी आयुधें कोठें सांपडतील तें त्या पत्त्यांवरूनच ठरतें. म्हणजे सूत्रधारालाहि सर्व आधीं ठाऊक नसतें. नवख्या सूत्रधारास आमचें सांगणें एवढेंच: एक गांव, एक घर आणि तीन माणसें तयार करा, त्या माणसांना काय हवें आहे व तीं कशाला भितात, तें लिहा, शेवट लिहूं नका.

त्या वृद्धेवरून आणखी एक गोष्ट निघते. तिची भटकी जमात, व्हिस्टानी, ही युरोपांतील रोमा लोकांविषयींच्या जुन्या दुष्ट समजुतींवरून रंगविलेली होती: व्यसनी, कपटी, स्ट्राडची हेर. प्रकाशकांनीं 2020 सालीं ही चूक जाहीरपणें कबूल केली आणि मजकुरांत फेरफार केले. रोमा लोकांची भाषा आपल्या मराठीच्याच आर्य कुळांतील आहे. आणि संबंध जमातीलाच जन्मतः गुन्हेगार ठरविणारा 1871 चा कायदा आपल्याच देशांत होता, आणि तो 1952 सालापर्यंत पुरता गेला नव्हता. त्याचा डाग फासेपारध्यांच्या पालांवरून आजहि पुसला गेलेला नाहीं. तेव्हां भीतीला चेहरा देतांना तो कोणाचा देतों, हें आपण तरी पाहिलें पाहिजे. त्या पोत्यांतील मुलगी व्हिस्टानीच आहे, हें येथें सांगून ठेवतों.

तो शनिवार आला. बाहेर पाऊस होता, आम्हीं दिवा बारीक केला. होडी, कोळी, हलणारें पोतें, एवढें सांगून आम्ही थांबलों. प्रथम भाचीच्या पात्रानें उडी घेतली. फांसा कमी पडला. कोणी बोललें नाहीं. मग तो तरुण म्हणाला, “मी जातों.” फांसा त्यानें बराच वेळ मुठींत धरला होता. टाकला तेव्हां पुरेसा आंकडा पडला. मुलगी खोकत पाण्याबाहेर आली आणि त्यानें चहा मागितला.

तो आंकडा पडला नसता तर? ‘वांचवितां येण्यासारखें’ असें वचन आम्हीं दिलें होतें, ‘वांचेलच’ असें नव्हे. आणि वांचणें आधींच ठरलें आहे असें त्याला कळतें, तर त्याच्या उडीला कांहीं किंमत राहिली नसती. तरीहि त्या क्षणीं आम्हीं दुसरी संधि शोधली असती, तिसरीहि शोधली असती, कोळ्याच्या होडीचें वल्हें त्याच्या हाताशीं आणून दिलें असतें. त्यास प्रामाणिकपणा म्हणावा कीं दया, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. पुढच्या शनिवारीं मंडळी गडाच्या दाराशीं पोंचतील. आम्हीं तेथील शेवट लिहिलेला नाहीं.