म्हाताऱ्या कुत्र्याची राखण कोणाकडे?

रविवारी संध्याकाळी लोणावळ्याजवळच्या वलवणहून गाड्या एक्स्प्रेस-वेला लागतात. मागे राहतात बंगले, त्यांच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस आणि काही ठिकाणी एक कुत्रा. तो मुंबईच्या किंवा पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेला असतो. वय झालं, अंगाला वास येऊ लागला, लिफ्टमध्ये लघवी होऊ लागली की ‘बिचाऱ्याला मोकळी हवा मिळेल’ असं म्हणून त्याची रवानगी बंगल्यावर होते. हवा मोकळी असते, यात वाद नाही. पण अकराव्या-बाराव्या वर्षी घर बदललं, माणसं बदलली आणि वर एखाद्या रात्री फिट आली, तर त्या हवेचं त्याने करायचं काय?

ती रात्र बंगल्यावरच्या माणसाच्या वाट्याला येते. कुत्रा उभ्या-उभ्या कोसळतो, अंग ताठ होतं, मग तो पडल्यापडल्या पाय मारू लागतो, जबडा कचाकच आपटतो, तोंडाला फेस येतो, जागेवरच लघवी होते. त्या माणसाने लहानपणापासून जे पाहिलेलं असतं, तेच तो करतो. कांदा फोडून नाकाशी धरतो, चप्पल हुंगवतो, तोंडात पाणी ओततो. तेवढ्यात कुंपणापलीकडून कोणी ओरडतं, ‘पिसाळलाय, घाला काठी!’ आणि कधीकधी ती काठी पडतेही.

या माणसाला अडाणी म्हणून हसण्याचा हक्क शहरातल्या सुशिक्षितांना नाही. आपल्या संसदेने 1976 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करताना वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या झटक्यांच्या रांगेत बसवले आणि ते लग्नाच्या आड आणले. अपस्मार हा शब्द त्यातून काढायला 1999 साल उजाडावं लागलं. तेवीस वर्षं देशाचा कायदाच सांगत होता की फिट येणारा माणूस संसाराला नालायक. कायद्यातून शब्द गेला, पण घरातून गेला नाही. मुलीच्या फिटची गोष्ट स्थळ पाहायला येणाऱ्यांपासून आजही लपवली जाते. माणसाच्या आकडीबद्दल ज्या घरात उघड बोललं जात नाही, त्या घराच्या बंगल्यावर कुत्र्याच्या आकडीचं शहाणपण कुठून येणार?

महाराष्ट्राने 2013 साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्या कायद्याने गुन्हा ठरवलं. चावलेल्या माणसाचं रक्षण झालं, हे योग्यच. कुत्र्याच्या नाकाशी कांदा धरण्यावर कायदा येणार नाही आणि येण्याची गरजही नाही. तिथे माहितीच पोचवावी लागेल, आणि ती मराठीत, बंगल्याच्या मागच्या खोलीपर्यंत.

माहिती फार नाही. फिट साधारण मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा धरल्यावर ती थांबते असं वाटतं, कारण कांदा शोधून फोडेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. कुत्रा जीभ गिळत नाही, म्हणून तोंडात हात घालू नये. त्या क्षणी तो मालकालाही ओळखत नाही आणि बोट तुटू शकतं. पाणीही ओतू नये, ते फुफ्फुसात जातं. जिना, पाण्याची टाकी, टोकदार फर्निचर यांपासून त्याला बाजूला करावं, दिवा मंद करावा, गलका थांबवावा आणि घड्याळ पाहावं. घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं. झटका पाच मिनिटांवर गेला, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर जीव धोक्यात आहे असं समजून डॉक्टर गाठायचा. अशा लांबलेल्या झटक्यात अंगाचा ताप चढत जातो आणि मेंदूला इजा होऊ शकते.

पिसाळण्याची भीती मात्र खोटी ठरवून चालणार नाही. रेबीजमध्येही लाळ गळते, झटके येतात. फरक नंतर कळतो. फिट आलेला कुत्रा काही वेळ भांबावून फिरतो, आंधळ्यासारखा भिंतीला धडकतो, अधाशासारखा खातो आणि मग पूर्वपदावर येतो. पिसाळलेला सावरत नाही. त्याची अवस्था बिघडत जाते आणि बहुधा दहा दिवसांच्या आत तो मरतो. म्हणून रेबीजच्या लसीचं कार्ड मालकाने शहरातल्या कपाटात ठेवण्यात काय अर्थ? ते बंगल्यावर हवं, म्हणजे काठी उगारणाऱ्याला दाखवता येईल. अनोळखी कुत्र्याला हात लावू नये. तो चावला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला जावं.

आता म्हातारपणाचा मुद्दा. ज्या अपस्माराचं कारण सापडत नाही, तो कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. दहाव्या वर्षी पहिली फिट आली, तर मागे काहीतरी असण्याची शक्यता मोठी: मेंदूतली गाठ, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणं, रक्तातली साखर उतरणं, विषबाधा. ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य इथे शुद्ध आळस आहे. साध्या रक्ततपासणीतही यातलं बरंच कळतं. काही वेळा ती फिटही नसते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानातला तोल बिघडतो, मान एका बाजूला कलते, बुबुळं भराभर इकडून तिकडे सरकतात, तो पडतो, उलट्या करतो. पक्षाघात झाला असं समजून अशा कुत्र्यांना इंजेक्शन देऊन संपवल्याचीही उदाहरणं आहेत, वास्तविक यातले बरेच कुत्रे दोन-तीन आठवड्यांत चालू-फिरू लागतात.

मावळातल्या पावसाळ्याने आणखी एक गुंता केला आहे. गवत वाढलं की गोचीड होतात आणि मालक गोचिडाची चघळायची गोळी पाठवून मोकळा होतो. यातल्या आयसोक्साझोलिन गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 सालीच दिला आहे. औषध वाईट नाही, पण फिटचा इतिहास असलेल्या कुत्र्याला ते डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. आणि लोणावळ्याचं चॉकलेट फज लाडाने कुत्र्याच्या तोंडात घालणाऱ्या पाहुण्यांना बंगल्याच्या दारातच अडवावं. चॉकलेटमधल्या थिओब्रोमीननेही फिट येते. (चिक्कीचाही आग्रह नको, पण चिक्कीवर माझा राग तेवढा नाही.)

उपचार आहेत, आणि जुने आहेत. फेनोबार्बिटॉन 1912 सालापासून माणसांच्या अपस्मारावर वापरलं जातं आणि कुत्र्यांसाठीही अजून पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे. ते बारा-बारा तासांनी द्यावं लागतं, रक्तात त्याची पातळी स्थिर व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, सुरुवातीला कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, भूक-तहान वाढते, यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते. आणि ते एकदम बंद केलं तर पूर्वीपेक्षा जोराची फिट येऊ शकते. इथे सगळी भूतदया घड्याळाच्या काट्यावर येऊन उभी राहते. बंगल्यावरचा माणूस गावच्या जत्रेला गेला, दोन डोस चुकले, पट्टी संपली, चिठ्ठी मालकाच्या फोनमध्ये आणि मालक मीटिंगमध्ये. चिठ्ठीशिवाय हे औषध दुकानात मिळत नाही, आणि मिळूही नये.

म्हणून माझं म्हणणं सरळ मालकाला आहे. म्हातारा, आजारी कुत्रा पगारी माणसाच्या गळ्यात घालून तुम्ही त्याला काम दिलं, पण अधिकार दिला नाही. रात्री दोन वाजता गाडी कोणाची, पैसे कोणाचे, डॉक्टरला ‘हो’ कोण म्हणणार? या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्या हातात नसतील, तर त्याने कांदा फोडू नये असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कसा पोचतो? महिनाभराच्या गोळ्या, मूळ चिठ्ठी, डॉक्टरचा नंबर, वेगळे ठेवलेले पैसे आणि ‘मला न विचारता घेऊन जा’ असा स्पष्ट शब्द त्याला द्या. या जास्तीच्या कामाचा जास्तीचा पगारही द्या. आपल्याकडे कुत्र्यावर माया करणारी माणसं कुत्र्याचं करणाऱ्याच्या पगाराबद्दल फार घासाघीस करतात. हे जमणार नसेल, तर कुत्रा शहरातल्या घरी परत न्या. लिफ्ट पुसता येते.

कायद्याचा धाक दाखवावा, तर तो हास्यास्पद आहे. उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात एक्स्प्रेस-वेचा टोलही भरून होत नाही. हे आकडे बदलण्याची मागणी लावून धरायला हवी, पण तोवर थांबायचं कारण नाही.

राहिला शेवटचा निर्णय. औषधं पोटात असूनही झटके एकामागून एक येऊ लागले, मधल्या वेळातही कुत्रा भानावर येईना, खाणं सुटलं, तर पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणं हे पाप आहे, असं मी मानत नाही. साबरमती आश्रमात 1928 साली गांधीजींनी असह्य वेदनांत तडफडणाऱ्या एका वासराला इंजेक्शन देऊन मरण दिलं. त्यावर काहूर उठलं, संतापाची पत्रं आली, आणि त्यांनी लिहून आपली बाजू मांडली. ते गाईचं वासरू होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कृतीचं वजन कळतं. पण ते वासरू आश्रमातलं होतं, गांधीजी स्वतः तिथे उभे होते आणि सोबतच्या माणसांशी त्यांनी आधी चर्चा केली होती. ‘तिकडेच काय ते करून टाक, बिल पाठव’ असा फोन करणाऱ्याने त्यांच्या उदाहरणाचा आधार घेऊ नये. त्याने वलवणला यावं. आणि डॉक्टरशी बोलण्याआधी बंगल्यावरच्या माणसाला विचारावं: झटका कधी आला, किती मिनिटं टिकला, नंतर ओळख पटली का. तारखा लिहिलेली वही असली तर त्याच्याकडेच असणार.