कौशल्य आणि मुखत्यारी

मुख्याध्यापकास प्रशिक्षण दिले म्हणजे शाळा सुधारते, हे गृहीतक आपल्या शिक्षणव्यवहारात इतके रूढ झाले आहे की त्याची छाननी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. 2012 साली दिल्लीस शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र निघाले, 2019 मध्ये ‘निष्ठा’ हा देशव्यापी प्रशिक्षण-उपक्रम सुरू झाला आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांकडूनही वर्षास किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली. या खटाटोपाच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु शिकलेले कौशल्य जेथे वापरावयाचे, तेथील कायदा, शिरस्ता आणि वरिष्ठांची मर्जी यांचा विचार त्यात अभावानेच आढळतो. बाल्डविन आणि फोर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी 1988 मध्येच प्रशिक्षणाच्या उपयोजनाचे तीन आधार सांगितले होते: शिकणाऱ्याची पात्रता, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या ठिकाणची परिस्थिती. आपण पहिल्या दोहोंची तजवीज करतो व तिसरा ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडतो.

एखाद्या अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका पाठनिरीक्षण शिकून येतात: मागच्या बाकावर बसावे, शिक्षकाच्या कोणत्या प्रश्नाने मुले विचारात पडली ते टिपावे, आणि तास संपल्यावर शेरा न मारता त्याच्याशी निवांत बोलावे. दुसऱ्या दिवशी त्या सातवीच्या वर्गाकडे निघतात, तोच शिपाई निरोप आणतो की युडायस या सरकारी शालेय माहिती-प्रणालीची माहिती आजच्या आज हवी आहे. ती भरून होते न होते तो पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीसाठी, पटाची पडताळणी आणि संस्थेच्या सचिवांचे बोलावणे. तास पाहावयाचा राहतो. लॉगबुकात नोंद मात्र होते.

वेळेची ही ओढाताण एकवेळ सोसता येईल. अधिकाराच्या अभावावर तसा इलाज नाही. महाराष्ट्राच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे खाजगी शाळेत मुख्याध्यापकपद सामान्यतः ज्येष्ठतेने लाभत असल्याने पुष्कळांच्या वाट्यास निवृत्तीपूर्वीची मोजकीच वर्षे येतात, आणि त्या अवधीतही वेळापत्रकातील फेरफारापासून किरकोळ खर्चापर्यंत संस्थेची संमती घ्यावी लागत असेल, तर नियोजनाचे शिक्षण कागदावरच राहते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली. पण 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत तिचे कार्य सल्ल्यापुरते मर्यादित झाले. ज्या वर्षी नेतृत्वाचे केंद्र निघाले, त्याच वर्षी मुख्याध्यापकास गावातून मिळू शकणारे पाठबळ क्षीण व्हावे, हा योगायोग बोलका आहे.

मुखत्यारी दिली तर मनमानी माजेल, असा आक्षेप घेतला जातो व तो सर्वस्वी अनाठायी नाही. मात्र आजही प्रत्येक कागदावर सही मुख्याध्यापकाची असते आणि चौकशीत जबाबही त्यालाच द्यावा लागतो. तेव्हा अंकुश हवाच असेल, तर तो कामाआधीच्या मंजुरीऐवजी कामानंतरच्या तपासणीचा असावा. जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने 1966 मध्ये शाळासमूहाची कल्पना मांडली, तीही अधिकार शाळेच्या निकट यावेत या विचाराने.

म्हणून प्रशिक्षणाच्या अखेरच्या दिवशी सचिव आणि शिक्षणाधिकारी यांनाही मुख्याध्यापकाशेजारी बसवावे आणि कोणते निर्णय त्याने विनासंमती घ्यावयाचे, कोणत्या तासाला त्यास कोणीही बोलावणे धाडावयाचे नाही, याची यादी तिघांच्या सहीने करावी. अशी यादी करण्यास जी संस्था राजी नसेल, तिने आपल्या मुख्याध्यापकास प्रशिक्षणाला धाडून सरकारचा पैसा आणि त्याची उमेद खर्ची घालू नये.