नऊ कला वजा

मुंबईजवळच्या तुळिंज रोडवर झेरॉक्सच्या एका दुकानात आधार कार्डाला लॅमिनेशन करून मिळतं, रेशनकार्डाचा अर्ज भरून मिळतो आणि पत्रिकाही काढून मिळते. माझ्यापुढे एक आजी नातवाची पत्रिका काढायला उभ्या होत्या. जन्म ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला. "वेळ?" दुकानातल्या मुलाने विचारलं. "सकाळची. सात, सव्वासात. पाऊस कोसळत होता, गाड्या बंद. नाहीतर गाडीवरून तरी कळलं असतं." मुलाने सात दहा टाकले. गावांच्या यादीत तुळिंज नव्हतं, म्हणून मुंबई निवडली. चहाचा घोट संपायच्या आत प्रिंटरने पानं सोडायला सुरुवात केली. सिंह लग्न. पुढे चंद्राची जागा : अंश, कला, विकला.

त्या विकलेवर माझी नजर अडकली. अंशाचे ३,६०० तुकडे केले की त्यातला एक तुकडा म्हणजे विकला. पावसावरून आठवलेल्या वेळेतून इतकी बारीक संख्या निघते कशी?

आकाशाची बाजू तर खरोखर तेवढी बारीक आहे, बारकाईने पाहिलं तर त्याहूनही. पत्रिकेच्या अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात 'स्विस एफेमेरिस' नावाची गणितप्रणाली असते. ती १९९७ साली आली आणि तिचा पाया म्हणजे 'नासा'च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने यानं पाठवण्यासाठी तयार केलेले ग्रहांचे आकडे. चंद्राचं स्थान इतकं पक्कं कळतं त्याचं एक कारण चंद्रावरच ठेवलेलं आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे परावर्तक मांडला. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यावर आपटून परत येतो आणि अंतर सेंटिमीटरांत मोजता येतं. म्हणजे आजींच्या हातातल्या पानावर आर्मस्ट्राँगच्या हाताची थोडी मेहनत आहे. त्यांना हे सांगावंसं वाटलं, पण मागे रांग होती.

ही मेहनत आपल्याकडेही जुनी आहे. याच कोकणकिनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचलं. पुढे कित्येक पिढ्या मराठी मुलखातली पंचांगं त्यावर चालली. या ग्रंथातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा बेडरपणा. जुन्या सिद्धांतांतलं जे आकाशाशी जुळलं ते त्याने घेतलं आणि जे जुळलं नाही ते सरळ दुरुस्त केलं. चंद्र सूर्यसिद्धांताच्या मताचा, पण त्यातून नऊ कला वजा. शनी आर्यभटाच्या मताचा, पण त्यात पाच अंश अधिक. पूज्य ग्रंथातून नऊ कला वजा करायला छाती लागते. तिला परंपरेनेच शब्द दिला आहे, दृक्प्रत्यय. डोळ्यांना दिसेल तेच खरं, गणिताने त्यापुढे नमावं.

पुढे ग्रहलाघवही आकाशाच्या मागे पडू लागलं, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत आणली. नंतर शाळामास्तर असलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' लिहिलं. ग्रंथापेक्षा आकाश मोठं मानणारी माणसं होती ती.

पण आकाश अचूक कळलं म्हणून पत्रिका अचूक होत नाही. मोजायला सुरुवात कुठून करायची, हे आकाशात कुठेही लिहिलेलं नाही. वसंतसंपात दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, त्यामुळे निरयन राशींसाठी संपातापासून किती अंश सोडायचे, म्हणजे अयनांश किती धरायचा, हे माणसांनाच ठरवावं लागतं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा तारा प्रमाण धरून २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला असा अयनांश ठरवला. दाते पंचांग चित्रापक्षाचंच. टिळक पंचांग मात्र रेवतीचा तारा प्रमाण मानतं. दोहोंत जवळजवळ चार अंशांचं अंतर आहे, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी येतो. नक्षत्र १३ अंश २० कलांचं, तेव्हा चार अंशांच्या फरकाने दर दहा मुलांमागे साधारण तिघांचं जन्मनक्षत्र बदलतं. तोच चंद्र, तीच रात्र, दोन नक्षत्रं, आणि दोन्ही विकलेपर्यंत अचूक!

घड्याळाची गोष्ट तर आणखी गमतीची. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची, तुळिंज ७२.८ च्या आसपास. इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे चालतो. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढताना हा फरक धरावाच लागतो, कारण लग्न चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतं. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहर १९५५ पर्यंत ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' जपून होतं, आणि ती वेळ तुळिंजच्या सरासरी सूर्यवेळेशी जवळजवळ सेकंदांपर्यंत जुळते. शिवाय १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत युद्धामुळे घड्याळं तासभर पुढे होती. त्या काळातल्या आजोबांची पत्रिका मांडणाऱ्याने आधी विचारावं, भिंतीवरचं घड्याळ कुणाचं ऐकत होतं?

त्या मानाने तुळिंजऐवजी मुंबई टाकल्याने बिघडत नाही. रेखांश जवळपास तोच आणि अक्षांशातला अर्धा अंश लग्नाला फार तर मिनिटभराइतका हलवतो. खरी गळती प्रसूतिगृहात. जन्म कोणता, डोकं दिसलं तो, पहिलं रडू की नाळ कापली तो? नर्सचे हात बाळात गुंतलेले असतात. मग वेळ लिहिली जाते ती पाचाच्या पटीत.

आणि हे सगळं पक्कं केलं तरी पुढे काय? जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना त्या वेगळ्या करायला सांगितल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून साधारण पन्नास आली असती. चाचणी लहान होती, जन्मवेळा चुकल्या असतील, हे आक्षेप घेता येतात. पण मग दुसरी, मोठी चाचणी फलितवाल्यांनीच, म्हणजे पत्रिकेवरून भविष्य सांगणाऱ्यांनीच, मागायला हवी होती. आकाश जुळेना तेव्हा नांदगावच्या माणसाने ग्रंथाची बाजू घेतली नव्हती. दृक्प्रत्यय गणिताच्या खोलीत पाचशे वर्षं मानाने नांदला. शेजारच्या, फलिताच्या खोलीत त्याला कुणी बोलावलंच नाही, आणि भिंतीपलीकडची प्रतिष्ठा मात्र तिथे फुकट वापरली जाते.

माझा नंबर येण्याआधी आजींनी सुनेला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सात दहा कसले? सहा पन्नास! मला विचारायचं ना आधी." मुलाने निमूटपणे वीस मिनिटं मागे नेली, जन्मगावाच्या रकान्यात हाताने 'तुळिंज' टाइप केलं आणि पुन्हा प्रिंट दिली. चंद्र अकरा कला सरकला होता. लग्न सिंहाचं कर्क झालं होतं.

आजींनी चष्मा वर केला, दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली आणि मुलाला विचारलं, "यातली चांगली कोणती रे?"