हत्याराची निगा : आसक्ती की सेवा?

संसारात राहावे, पण संसाराचे होऊन राहू नये, ही वारकऱ्याची रीत. बोलायला ही गोष्ट सोपी आहे. कसोटी लागते ती मोठ्या प्रसंगी कमी आणि घरातल्या लहानसहान वस्तूंपाशी जास्त. सोलापुरात आमच्यापुढे असाच एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारे असतात निवृत्त झालेले कारागीर. घराच्या पडवीत किंवा मागच्या खोलीत एक लहानसा लेथ, एक व्हाइस, सहाणेचे चाक आणि भिंतीला टांगलेल्या कानशी. पोट त्यावर नाही; फावल्या वेळचा नाद आहे. ते म्हणतात, "महाराज, हत्यारे पुसण्यात, धार लावण्यात, तेलपाणी करण्यात रोजचा तास जातो. तेवढ्यात हरिपाठ झाला नसता का? ही आसक्तीच नव्हे काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही उडवाउडवीचे असू नये.

आधी हा नाद आला कुठून ते पाहू. आमच्या गावाला तो परका नाही. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक जुनी गिरणी म्हणू लागले. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. गिरणी म्हणजे नुसते विणणारे हात नव्हेत. मागाची पिन झिजली, बुश सैल झाला, की तो लेथवर कातून देणारा टर्नर आणि जागेवर बसवणारा फिटर लागतो. भोंग्याच्या तालावर अशा माणसांच्या पिढ्या येथे घडल्या. जुनी गिरणी 1960च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू 1990च्या दशकात. भोंगे थांबले, पण हातातली विद्या थांबत नाही. ती पडवीत येऊन बसली. शेजारी यंत्रमाग आहेतच. त्यामुळे नाद म्हणून ठेवलेल्या लेथपाशीही गरजू माणूस येतोच.

आता काहीजण चटकन सावतोबांचा दाखला देतात. अरण हे आपल्याच जिल्ह्यातले. सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला, मग आम्हांला लेथवर का भेटू नये? अहो, जरा थांबा. सावतोबांचा मळा हा त्यांचा प्रपंच होता, वाट्याला आलेले काम होते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी स्वकर्मालाच ईश्वराची पूजा म्हटले आहे, तेही नेमून आलेल्या कर्माविषयी. छंद हा आपण होऊन जवळ केलेला असतो. त्याला संतांचे नाव लावून मोकळे होणे बरे नव्हे. छंदाला आपला हिशेब वेगळा द्यावा लागतो.

दुसरी बाजूही ऐकू. काहींचे म्हणणे असे की, देह नाशिवंत तिथे लोखंडाची काय कथा! गंज चढायचा तर चढू दे, आपण नाम घ्यावे. हे वैराग्यासारखे दिसते, पण जरा जवळून पाहा. छिन्नीच्या डोक्यावर घाव बसून बसून ते छत्रीसारखे पसरते, कडा फाटतात. ते सहाणेवर वेळेवर घासले नाही, तर पुढच्या घावाला त्याची कपची उडते आणि समोरच्याच्या डोळ्यात जाते. कानशीला मूठ नसेल तर तिचे टोकदार शेपूट तळहातात घुसते. चकची चावी चकमध्येच राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती गोळीसारखी सुटते. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात निसटला की जखम होते. म्हणजे आपण ज्याला वैराग्य म्हणतो, त्याची किंमत दुसऱ्याच्या डोळ्याने चुकवायची! वैराग्यात आपले सोडायचे असते. दुसऱ्याचे नुकसान करायचे नसते. निष्काळजीपणाला विरक्तीचे नाव देऊ नये. आमच्या मते ती हिंसाच आहे, फक्त सावकाश होणारी.

मग नामाचे काय? हात कामात आणि मुखी नाम, ही तर आपली परंपरा. खरे आहे. पण गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना आपले मूल पायाखाली आले हे त्यांना कळले नाही. मूल परत मिळाले ते देवाच्या कृपेने. त्या कथेतून भक्तीची उत्कटता घ्यावी. यंत्रापाशी बेभान होण्याची मुभा घेऊ नये. लेथ मिनिटाला शेकडो फेरे घेतो. त्याला कापडाचा पदर सापडला की तो माणसालाच ओढतो. म्हणून उपरणे खुंटीला टांगावे, धोतर नेसून यंत्राशी उभे राहू नये, हातमोजे घालू नयेत, बाह्या कोपरापर्यंत सारून घट्ट कराव्यात. आणि माळ? वारकरी माळ उतरवत नाही, हे आम्ही जाणतो. ती गळ्याशी बसती असावी, सदऱ्याची गुंडी लावून आत घ्यावी. माळ लांब लोंबती असेल, तर त्या दिवशी लेथ बंद ठेवून व्हाइसवर कानशीचे काम करावे. त्यात कमीपणा नाही. चालत्या चकपुढे चित्त तिथेच ठेवणे हेही एक प्रकारचे व्रत आहे. नाम यंत्र थांबल्यावर, पुसताना, तेल देताना सावकाश घ्यावे. निगेचा तो तास हरिपाठाच्या आड येत नाही, तो हरिपाठाला जागा करून देतो. लोखंड हाताखाली असते, घाई नसते, ओठ मोकळे असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निगा केव्हा आसक्ती होते? सेना महाराजांची कथा आठवा. राजाकडून बोलावणे आले, सेनाजी पूजेत होते. विठ्ठलाने त्यांचे रूप घेतले, धोकटी खांद्याला लावली आणि राजाची हजामत केली. ही कथा आपण देवाच्या भक्तवात्सल्याची म्हणून ऐकतो, ते योग्यच. पण आमचे लक्ष त्या धोकटीकडे जाते. देवाने ती उचलली तेव्हा आतला वस्तरा धारेचा असलाच पाहिजे. सेनाजींनी तो परजून ठेवला तेव्हा उद्या तो कोणाच्या हाती जाणार हे त्यांना थोडेच माहीत होते? निगेचा सगळा अर्थ आम्हांला येथे दिसतो. पुढचा हात कोणाचा हे माहीत नसताना हत्यार तयार ठेवणे, ती सेवा. पुढचा हात येऊच नये म्हणून ते कपाटात लखलखीत ठेवणे, ती आसक्ती. तेल दोन्हीकडे तेच लागते.

यावर कारागीर म्हणतात, "दिले की बिघडवून आणतात हो!" हेही खोटे नाही. साध्या पोलादाचे हत्यार न शिकलेल्याने चाकावर दाबून धरले, पाण्यात बुडवून गार केले नाही, की टोक निळे पडते. पाणी उतरले, धार गेली. ज्याने ते वर्षानुवर्षे सांभाळले त्याच्या जिवाला लागणारच. मग द्यावे की न द्यावे? आमचे सांगणे असे : हत्यार एकटे देऊ नये, त्याच्याबरोबर आपणही जावे. शेजारचा मुलगा मायक्रोमीटर मागायला आला, तर त्याला पडवीत बसवावे; त्यावरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, हे दाखवावे; पिन त्याच्याच हाताने मोजून घ्यावी. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलावी, दातांत खडू घासला की कीस अडकत नाही, हे त्याला करून दाखवावे. एवढे करूनही एखादे हत्यार बिघडेल. बिघडू द्या. पोलादाला पुन्हा पाणी देता येते. "देत नाही" म्हणून परत पाठवलेला मुलगा मात्र पुन्हा दारात येत नाही, आणि त्याच्याबरोबर विद्याही जाते. हत्यार राखून विद्या बुडवली, तर राखले काय?

उलट बाजूने मागणाऱ्याचाही धर्म आहे. नेले तसे नव्हे, नेले त्याहून स्वच्छ परत करावे. हाताच्या घामात मीठ असते. त्या बोटांच्या ठशांवर आधी गंज धरतो. म्हणून पुसून, तेलाचा पातळ हात फिरवूनच परत द्यावे.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू, फूल वाहतो. फार चांगली रीत. पण वर्षभर गंजू दिलेल्या पान्याला एक दिवस झेंडू वाहिल्याने तो पावत नाही. त्याची पूजा तेलाच्या चिंधीने व्हायची असते.

आषाढी जवळ आली की पंढरीची ओढ लागते. आपल्या गावाहून पंढरपूर सुमारे 70 किलोमीटर. आळंदीहून माउलींबरोबर चालणाऱ्यांचे तर आठवडे जातात. दिवस पावसाळी, हवा ओली. निघण्यापूर्वी लेथचा कीस झाडून घ्यावा, उघड्या लोखंडावर जाडसर तेल द्यावे, विजेचे बटण बंद करावे. आणि एक गोष्ट विसरू नये : पडवीची किल्ली शेजारच्या ज्या शिकल्यासवरल्या हातावर आपला विश्वास आहे, त्याच्याकडे द्यावी. वाटेवर त्या किल्लीची आठवण होऊन जीव खालीवर झाला, तर आसक्ती अजून आहे असे समजावे. "कोणाचे तरी अडलेले काम होत असेल" असे वाटून पाऊल हलके पडले, तर तुमचा नाद पांडुरंगाच्या पायी रुजू झाला, असे आम्ही म्हणू.

रामकृष्णहरि.