झोळी आणि तिजोरी

माझे वडील माधुकरी मागून शिकले. ताटात टाकलेलं अन्न त्यांना खपत नसे. मी मात्र ठरवलं, आपल्या मुलाला काही कमी पडू द्यायचं नाही. आणि पडू दिलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही गाणगापूरला गेलो. मध्यान्हीला महाराज भिक्षेला येतात या श्रद्धेने तिथे भक्त माधुकरी वाढतात, मागतातही. मी झोळी पुढे केली, तर मुलगा म्हणाला, "बाबा, हवे तेवढे पैसे देतो, पण हात पसरणार नाही."

राग आला. मग आठवलं, दारी आलेल्याला मी स्वतः कधी वाढलं नाही. गड्याकरवी चार पैसे देऊन वाटेला लावलं. पोराने तेच पाहिलं होतं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला कपोताची गोष्ट सांगतात. पिलांच्या मोहात गुंतलेला तो पक्षी स्वतःच जाळ्यात सापडतो. मीही पुरवण्यातच गुंतलो, वळण लावायचं राहून गेलं. दोष पैशाचा नव्हे. गरिबीतही मन कोतं असू शकतं.

आता दर गुरुवारी दत्तमंदिरात नातू सोबत असतो. प्रसाद आम्ही दोघं वाढतो, वाकून. परवा मुलगाही पंगतीत वाढायला उभा राहिला. मी काही बोललो नाही.

श्री गुरुदेव दत्त!