त्रैक्याविषयी बोलताना

पेन्टेकॉस्टनंतरचा रविवार पुष्कळ मंडळ्यांत त्रैक्याचा रविवार म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उपदेशक जरा जपून बोलतात, आणि शब्बाथ शाळेत एखादे मूल सरळ विचारते, "देव एक की तीन?" शिक्षक घाईने पाणी, बर्फ व वाफ यांचा दाखला देतात. मूल गप्प बसते. परंतु मूल गप्प बसले म्हणजे त्याला उत्तर मिळाले, असे नव्हे.

हे दाखले आपण थोडे तपासून पाहू. जे पाणी बर्फ झाले, ते त्याच वेळी वाफ नसते. पण यार्देनेत पुत्र पाण्यातून वर येत होता, आत्मा उतरत होता, आणि पित्याची वाणी ऐकू येत होती. तिन्ही एकाच घटकेला (मत्तय ३:१६, १७). एकच देव तीन वेषांत येतो, असे तिसऱ्या शतकात साबेल्य शिकवीत असे व मंडळीने ते नाकारले. बेलाच्या पानाचा दाखला घ्यावा, तर त्याचे प्रत्येक दल हे पानाचा एक भाग असते. पिता हा काही देवाचा तिसरा हिस्सा नव्हे. आमच्या इंदुरात मराठी शेजारी आपुलकीने विचारतात, "तुमचे त्रैक्य म्हणजे आमचे दत्तच ना?" त्यांना तुच्छतेने "नाही" म्हणणे बरे नव्हे, आणि सोयीसाठी "होय" म्हणणेही खरे नव्हे. आपला विश्वास काय आहे ते सांगावे, आणि तो सगळा आपल्या मुठीत मावत नाही हेही सांगावे.

येथे कोणी म्हणेल, मग निश्चित असे काहीच नाही काय? आहे. इ. स. ३२५ मध्ये निकीया येथे जी सभा भरली, ती शब्दांच्या हौसेने भरली नव्हती. पुत्र हा निर्माण केलेला आहे, असे अरियाचे म्हणणे होते. ते खरे मानले, तर वधस्तंभावर देव स्वतः आपल्यासाठी आला नाही, त्याने दुसऱ्या कोणाला पाठविले, असे होईल. आपले तारणच तेथे पणाला लागले होते. म्हणून मंडळीने निक्षून सांगितले की पुत्र खरा देव आहे. काय, ते सांगितले. कसे, ते उलगडून दाखविण्याचा दावा केला नाही. ऑगस्टिनाने त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यास सुमारे वीस वर्षे लागली, आणि त्याचा शेवट त्याने प्रार्थनेने केला. जे आपल्याच मनचे लिहिले गेले असेल त्याची क्षमा व्हावी, असे त्याने देवाजवळ मागितले. सिद्धांतावर दृढ राहून नम्र कसे असावे, याचा हा धडा आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्रैक्य व ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांच्या मनात गंभीर प्रश्न उठले, आणि त्यांनी ते लपविले नाहीत. ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, त्यांनाच त्यांनी स्पष्ट लिहिले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून आपण दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही. सिस्टरांना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅम येथील मिस बील यांनी मात्र त्यांच्या प्रश्नांना प्रश्न म्हणूनच लांब पत्रांतून उत्तरे लिहिली.

सिस्टरांचा सिद्धांत चुकीचा होता, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे प्रेमही खोटे नव्हते. ही पत्रे जपून एकत्र केली ती त्यांनीच, आणि १९७७ साली ती ग्रंथरूपाने निघाली. पण खरा सिद्धांतसुद्धा दुसऱ्याच्या विवेकावर दडपला, की तो ओझे होतो. रमाबाईंनी मन मारून तेव्हाच होकार दिला असता, तर मंडळीला एक होकार मिळाला असता, साक्षीदार मिळाला नसता. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म हाती आल्यावरही ख्रिस्त स्वतः भेटण्यास कित्येक वर्षे लागली. ज्या बाईने त्या वर्षांत प्रश्न विचारले, तिनेच पुढे केडगावी मुक्ती उभारली व संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणले.

मात्र संशयालाही नम्रतेची गरज आहे, हे विसरू नये. "मला समजत नाही, म्हणून ते खोटे" असे म्हणणाराही देवाला आपल्या बुद्धीच्या मापाने मोजतो. रमाबाईंनी शोध सोडला नाही. त्या शास्त्र वाचत राहिल्या व प्रार्थना करीत राहिल्या. खरा संशय गुडघ्यावर येतो. आळशी संशय खुर्चीत बसून राहतो.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलाने विचारले तर दाखला जरूर द्या, पण तो कोठे तुटतो तेही सांगा. "देव एकच आहे, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने आपण त्याला ओळखतो, ते कसे, हे आम्हांलाही पूर्ण कळलेले नाही" असे म्हणण्यात शिक्षकाचा मान जात नाही. आज आपण आरशात अंधुक पाहतो, असे पौलासारखा प्रेषितही कबूल करतो (१ करिंथ १३:१२).

पित्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात आहे. तिच्या दोनच वचने आधी लिहिले आहे की शिष्यांनी प्रभूला नमन केले, तरी काहींना संशय वाटला (मत्तय २८:१७). प्रभूने त्यांना वेगळे काढले नाही. तो जवळ आला, आणि सर्वांशी बोलला. त्या पवित्र नावाची आज्ञा नमन करणाऱ्यांना व संशय घेणाऱ्यांना एकाच डोंगरावर, एकाच वेळी मिळाली. आपल्या मंडळीतही तसेच घडो.