हळहळ कोणाच्या खर्चाने?

जुनी गोष्ट बंद पडली की हळहळणारे पुष्कळ असतात. ती चालू ठेवायचा खर्च कोणी करायचा, असं विचारलं की गर्दी पांगते. नवं काही आलं की टाळ्या वाजवणारेही पुष्कळ असतात. त्या नव्यापायी कोणाचं काय गेलं, हे विचारलं की तिथेही तेच होतं. मला वाटतं, जुनं जपणं आणि नवं आणणं या दोन्हींची कसोटी एकच आहे: बिल कोणाच्या नावावर फाटतं?

या प्रश्नापाशी मी पोचलो ते एका छंदामुळे. मला मोठ्या स्केलच्या मॉडेल रेल्वेचा नाद आहे. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची, घर सेनगावात. सेनगावला रेल्वे नाही, गाडी पकडायची तर हिंगोली गाठावी लागते. तरी सुट्टीच्या दिवसांत आमच्या घराच्या स्लॅबवर एक गाडी धावते.

मोठं स्केल म्हणजे काय, ते आधी सांगतो. मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टेबलावर मावणारी, १:८७ प्रमाणातली गाडी येते. तिच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं. मोठ्या स्केलमध्ये हे अंतर ४५ मिलिमीटर असतं. इंजिन दोन्ही हातांनी उचलावं लागतं, आणि रूळ पितळेचे असल्यामुळे ते उघड्यावर, बागेत किंवा गच्चीवर टाकता येतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ मध्ये एलजीबी या नावानं अशा गाड्या बाजारात आणल्या. प्रमाण ठेवलं १:२२.५. आता ४५ ला २२.५ ने गुणा. उत्तर येतं १०१२.५ मिलिमीटर. म्हणजे जवळपास एक मीटर.

हिंगोलीकडचा माणूस इथं थबकतो, कारण मीटर गेज म्हणजे आमची जुनी रेल्वे. पूर्णा–हिंगोली–वाशीम–अकोला ही लाइन मीटर गेजची होती. ती पुढे खांडव्याकडे जायची आणि दक्षिणेतली मीटर गेज उत्तरेतल्या मीटर गेजला जोडायची. काचीगुड्याहून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून जायची. २००८ च्या आसपास पूर्णा–अकोला ब्रॉडगेज झाली. तेव्हा मी शाळेत होतो. जर्मन लोकांच्या बागेसाठी बनवलेल्या रुळांवर आमची गेलेली लाइन जवळपास अचूक मापात बसते. उलट, आजची १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज याच प्रमाणात करायची तर रुळांत ७४.५ मिलिमीटर अंतर लागेल. तसले रूळ दुकानात मिळत नाहीत. बाहेरच्या जगात जिंकलेली गाडी आमच्या स्लॅबवर परकी ठरते.

पहिलं इंजिन घरी आणलं तेव्हा बाबांनी किंमत विचारली. मी रुपयांत सांगितली, त्यांनी मनातल्या मनात हळदीत मोजली. आमच्याकडे मोठा खर्च असाच मोजतात.

"किती कट्ट्यांची झाली मग ही?"

मी हिशेब करून सांगितलं. ते जरा वेळ गाडीकडे बघत राहिले.

"आन् जाती कुठं?"

"कुठंच नाही. फिरून इथंच येते."

"मग घाण्याचा बैल बरा की. तेल तरी निघतं."

यावर छंदवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: एकाग्रता वाढते, इलेक्ट्रॉनिक्स शिकायला मिळतं, ताण कमी होतो. हे सगळं खरं आहे, पण लंगडं आहे. ताण कमी करायचा तर चालायला जाणं फुकट आहे. शिवाय उपयोग हीच कसोटी लावायची तर बाबांचा पोळाही नापास होईल. त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. त्याची शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात, पुरणपोळी खाऊ घालतात. बिनउपयोगी गोष्टीवर मन लावून खर्च करणं आमच्या घराला अजिबात नवीन नाही.

त्यामुळे बाबांचा 'जाती कुठं' हा प्रश्न मी सोडून देऊ शकतो. 'किती कट्टे' हा मात्र सोडता येत नाही. ते कट्टे कोणाच्या वाट्याचे, हाच त्यातला खरा प्रश्न. म्हणून माझा नियम साधा आहे: घराचं देणं, बहिणीची फी, शेताची गरज भागली की उरतं त्यातच गाडी. काही वर्षं तिला एक डबाही नवीन मिळत नाही.

मग चालतं ते अपग्रेड. या छंदातली अर्धी मजा त्यातच आहे. प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची घातली. बल्बच्या जागी एलईडी बसवले. स्लॅबवर धूळ एवढी की रुळांतून करंट नीट मिळत नाही, म्हणून डब्यात लिथियमचे सेल बसवले आणि इंजिनात छोटा वाय-फाय बोर्ड. आता गाडी फोनवरून चालते. उन्हाळ्यात पितळ तापून वाढतं. दहा मीटर रूळ तीस अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटर लांब होतो, म्हणून सांध्यांत फट ठेवावी लागते. खऱ्या रेल्वेतही सांध्यांना फट असते ती याच कारणानं.

यातली प्रत्येक सुधारणा जुनं चालत राहावं म्हणून केलेली आहे. नोकरीत मी याच्या नेमकं उलट करतो. आमच्या धंद्यात अपग्रेड म्हणजे बहुतेक वेळा मागच्याला निरोप. जुन्या अँड्रॉइडचा सपोर्ट बंद करायचा निर्णय मीटिंगमध्ये काही मिनिटांत होतो. कारणं खरी असतात: सुरक्षा, वेळ, माणसं कमी. पण त्या निर्णयानंतर कोणाच्या तरी हातातला धडधाकट फोन एक दिवस सांगतो, 'हे ॲप आता चालणार नाही.' आमचं काम हलकं होतं, आणि नवा फोन घ्यायचं बिल त्याच्या नावावर फाटतं. तो मीटिंगमध्ये नसतो. तुमच्या हातातला फोनही कधीतरी त्या यादीत येणार आहे.

आता पुन्हा हिंगोलीच्या लाइनकडे या. मीटर गेज गेली याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या आज्जीला वाटत नाही, आणि तिचं मत माझ्या मतापेक्षा जड आहे. शेवटच्या काही वर्षांत आमच्या लाइनच्या दोन्ही टोकांना ब्रॉडगेज होती. लांबचा प्रवास म्हणजे एका बाजूला पूर्णेला नाहीतर दुसऱ्या बाजूला अकोल्याला उतरायचं, बोचकी डोक्यावर घ्यायची, जिना चढायचा आणि दुसऱ्या गाडीत जागा धरायची. मालाचंही तेच. गेज बदललं की एका वॅगनमधलं पोतं दुसऱ्या वॅगनमध्ये जायचं ते हमालाच्या पाठीवरून. दोन मापांमधला ६७६ मिलिमीटरचा फरक म्हातारे गुडघे आणि हमालांच्या पाठी भरून काढत होत्या. ज्याला मी गोड आठवण म्हणतो, तिचं बिल त्या लोकांनी भरलेलं आहे. त्यांनी 'सुटलो बाबा' म्हटलं तर 'अरेरे' म्हणायचा मला काय हक्क?

म्हणजे नवं नेहमी बरोबर, असं मात्र नाही. हीच लाइन अकोल्याच्या पुढे मेळघाटातून जायची. धूळघाटजवळ ती चढ कमी करण्यासाठी वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पुलानं पलीकडे जायची. मॉडेल करणाऱ्यांचा जीव अडकावा अशी ती जागा. २०१७ च्या सुरुवातीला तिथली मीटर गेज बंद झाली. पण ब्रॉडगेज करायची तर ती व्याघ्र प्रकल्पातून जाणार. मोठी लाइन म्हणजे जास्त गाड्या, जास्त वेग. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांनी विरोध केला आणि जंगलाबाहेरून वळसा घेणारा मार्ग पुढे आला. इथं अपग्रेडचं बिल वाघाच्या नावावर फाटणार होतं, आणि वाघ सुनावणीला येत नाही. पण गाडी बंद राहण्याचंही बिल आहे. जंगलातल्या लहान स्टेशनांवरच्या लोकांची ती रोजची सोय होती. 'वाघ वाचला' म्हणून शहरात समाधान मानणाऱ्यानं त्या स्टेशनावरच्या माणसाचा हिशेबही मांडायला हवा. त्याला दुसरी सोय मिळेपर्यंत आपलं समाधान उधारीवरचं आहे.

या सगळ्यात मॉडेल रेल्वे मला प्रामाणिक वाटते. हिच्यात हळहळ आहे, पण ती स्वतःच्या खर्चानं केलेली आहे. माझी मीटर गेज चालावी म्हणून कोणा म्हातारीला पूर्णेला गाडी बदलावी लागत नाही.

याहून मोठ्या मनाचं उदाहरण पुण्यात आहे. कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. त्याआधी ते आपली छोटी नगरी प्रदर्शनांतून लोकांना दाखवत. ती हलवणं अवघड होत गेलं, तेव्हा तिला कायमची जागा केली. गाड्या, सिग्नल, दिवे, उड्डाणपूल, सगळं चालतं आणि समोर पोरं डोळे मोठे करून बसलेली असतात. आपला नाद आपल्या कष्टानं उभा करायचा आणि मग दार उघडं ठेवायचं. माझी मजल अजून शेजारच्या चार पोरांना गच्चीवर येऊ देण्यापर्यंतच गेली आहे.

आता माझ्यापुढे एक अपग्रेड आहे. दुकानात मिळणाऱ्या सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटर असते. खऱ्या मापात ती साडेतेरा मीटर भरते. भारतीय मीटर गेजवर सगळ्यात तीव्र वळणसुद्धा सुमारे १०९ मीटर त्रिज्येचं. तेवढंच खरं वळण १:२२.५ मध्ये घ्यायचं तर त्रिज्या पावणेपाच मीटरच्या पुढे जाते आणि अख्खी स्लॅब लागते. त्यातल्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात उन्हाळाभर आईच्या कुरड्या, पापड आणि डाळी वाळतात. आईला विचारलं तर ती हो म्हणेल, हे मला माहीत आहे. म्हणूनच विचारलेलं नाही. माझी गाडी खोट्या वळणावरच फिरेल.